बाप्तिस्मा झाला, मग जात गेली का? १९५० चा आदेश, सोप्या भाषेत

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते आणि दर दोन वाक्यांनी येणारं माझं "म्हणजे बघा" काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच.)

वाळूजच्या कंपनी बसमध्ये बसून ऐकणाऱ्यांना सलाम, आणि उद्या पेपर असताना अभ्यास सोडून ऐकणाऱ्यांनाही.

आजचा विषय मी दोन वर्षं टाळत होतो. घरात बोलायला अवघड, मंडळीत बोलायला त्याहून अवघड. पण मागच्या महिन्यात गावी गेलो आणि ठरवलं, आता बोलायचंच.

झालं काय ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. माझा आतेभाऊ जालना जिल्ह्यात राहतो. कोरडवाहू शेती आणि मजुरी. बांधावरून भांडण झालं, समोरच्याने त्याला मारलं, आणि चार लोकांसमोर जातीवरून शिवी दिली. आमच्या पणजोबांची जी जात होती, तीच. भाऊ ठाण्यात गेला. ॲट्रॉसिटीची कलमं लावा म्हणाला. साहेबांनी जातीचा दाखला मागितला. दाखल्यावर ख्रिश्चन, ओबीसी. साहेब म्हणाले, मग ॲट्रॉसिटी लागत नाही. मारहाणीची साधी कलमं लागली.

भाऊ मला फोनवर म्हणाला, "दादा, शिवी देणाऱ्याने माझं सर्टिफिकेट नव्हतं मागितलं."

मी इंजिनिअर माणूस. बग दिसला की आधी लॉग बघायचे, मग कोड उघडायचा. म्हणून कोड उघडला. आणि वाईट गोष्ट ही की साहेबांनी काही चूक केली नव्हती. कायद्यात तसंच लिहिलंय. मग ते तसं का लिहिलंय, कोणी लिहिलंय, आणि आपण ख्रिस्ती म्हणून त्यावर काय विचार करायचा, हेच आज.

आधी आपल्याच भागातला इतिहास

बरेच जण विचारतात, "तुम्ही लोक ख्रिश्चन कधी झालात? इंग्रजांनी केलं का?" मराठवाड्यात तर इंग्रजांचं राज्यच नव्हतं, निजामाचं होतं. आणि इथे सुवार्ता आणणाऱ्यांतली मोठी नावं गोऱ्यांची नाहीत.

जालन्यात काम सुरू केलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक. आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, चर्च मिशनरी सोसायटीचं काम उभं केलं रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी. ते पारशी घरातले.

नारायण शेषाद्रींच्या घरातलीच एक गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे जाऊन राहिला. वडील कोर्टात गेले आणि मुलगा परत मिळवला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता, तरी मुंबईत मोठा वाद पेटला: मिशनरींच्या घरी जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर घ्यावं या बाजूचे, तर सनातनी मंडळी विरोधात.

आता बघा. पोराच्या मनात काय श्रद्धा आहे, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला. प्रश्न होता, आम्ही याला पंगतीत बसवायचं का? जात तुमच्या मनात काय आहे यावर चालत नाही. शेजाऱ्याच्या मनात काय आहे, त्यावर चालते. एवढं लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागेल.

आदेशात नेमकं काय आहे

संविधानाचं कलम ३४१. कुठल्या जाती अनुसूचित, ते राष्ट्रपती आदेश काढून ठरवतात. असा आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० ला. त्याचं नाव संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५०. त्याचा तिसरा परिच्छेद हाच आपला सगळा विषय.

त्यात म्हटलंय की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची धरली जाणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एक साधी अट: धर्म हिंदू असेल तर पुढे जा, नसेल तर बाहेर. सुरुवातीला फक्त पंजाबातल्या चार शीख जातींना सूट होती.

ही अट १९५० ला एकदम आकाशातून पडली नव्हती. इंग्रजांच्या काळात, १९३६ च्या आदेशातही भारतीय ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरू नये असंच होतं. म्हणजे जुना कोड कॉपी-पेस्ट होऊन नव्या प्रजासत्ताकात आला म्हणा.

मग त्यात दोन पॅच आले.

पहिला १९५६ मध्ये. सगळे दलित शीख आत आले.

दुसरा १९९० मध्ये. बौद्ध आत आले. हा आपल्या शहराला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. ज्या शहरात मिलिंद कॉलेज आहे, नागसेनवन आहे, ज्या मराठवाड्याने नामांतरासाठी घरं जळताना पाहिली, तिथल्या पोरांना ही गोष्ट पाठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. कायद्याने दुसऱ्या दिवशी ती माणसं अनुसूचित जातीतून बाहेर गेली. महाराष्ट्राने राज्याच्या पातळीवर नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्रात दार उघडायला १९९० उजाडलं. ३४ वर्षं!

आणि १९९० ला दुरुस्ती करताना सरकारने कारण काय दिलं? थोडक्यात असं, की धर्म बदलल्याने या लोकांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती बदललेली नाही.

मी हे वाचलं आणि लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण हेच वाक्य जालन्याच्या बांधावर उभ्या असलेल्या माझ्या आतेभावाला शब्दशः लागू आहे. फक्त धर्माच्या रकान्यात शब्द वेगळा आहे.

अजून एक तुलना. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. नंदुरबारचा आदिवासी ख्रिस्ती झाला तरी कायद्याने तो आदिवासीच राहतो. ही सूट काढा म्हणणाऱ्यांच्या मागण्या चालू असतात, पण आजचा नियम हा आहे. म्हणजे धर्मांतराने आदिवासीपण जात नाही, आणि अनुसूचित जातीचं असणं जातं.

महाराष्ट्रात काय मिळतं, काय नाही

इथे व्हॉट्सॲपवर फार गोंधळ असतो, म्हणून नीट सांगतो.

आपल्या राज्यात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश ओबीसीत आहे. म्हणजे काहीच मिळत नाही, हे खरं नाही. मी स्वतः इंजिनिअरिंगला त्याच प्रवर्गातून आलो.

मग फरक काय? पहिला, ओबीसीला क्रीमी लेयर आहे. उत्पन्नाची ८ लाखांची मर्यादा. एससीला शिक्षण-नोकरीत अशी अट नाही. दुसरा, विधानसभा आणि लोकसभेत ओबीसींसाठी राखीव जागा नाहीत. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींना राखीव आहेत. आपल्याकडचंच बघा: औरंगाबाद पश्चिम, बदनापूर, केज. तिथे दलित ख्रिस्ती मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही.

आणि तिसरा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. तो फक्त अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरच्या तक्रारीत हेच सांगितलं: तुम्ही ख्रिस्ती धर्म पाळता, म्हणून हा कायदा तुम्हाला लागू नाही.

आरक्षण हा संधीचा प्रश्न आहे, त्यावर वाद घालू. ॲट्रॉसिटी हा मार खाल्ल्यावर कुठे जायचं याचा प्रश्न आहे. हे दोन वेगळे धरा.

चेन्नईतले चपला शिवणारे सुसाई

कोर्टात हा विषय जुना आहे. १९८० च्या दशकात तमिळनाडू सरकारने रस्त्याच्या कडेला चपला शिवणाऱ्यांना फुकट टपऱ्या द्यायची योजना आणली. सुसाई नावाचे गृहस्थ तेव्हाच्या मद्रासमध्ये हेच काम करायचे. मूळचे आदि-द्रविड, धर्माने ख्रिस्ती. बाजूला बसलेल्या हिंदू कारागिराला टपरी मिळाली, यांना नाही. काम तेच, फूटपाथ तोच. ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

१९८५ मध्ये निकाल विरोधात गेला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: धर्मांतरानंतर जात उरते हे आम्ही मान्य करू शकतो. पण नुसतं जात उरणं पुरेसं नाही. जातीमुळे होणारा त्रास नव्या धर्मातही तितक्याच तीव्रतेने चालू आहे, हे ठोस पुराव्याने दाखवा.

यात एक विलक्षण पेच आहे. पुरावा कशाचा हवा? नव्या धर्मात, म्हणजे चर्चमध्ये, भेदभाव होतो याचा. म्हणजे केस जिंकायची तर चर्चने स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची!

नंतर आयोग आले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये शिफारस केली की तिसरा परिच्छेदच काढून टाका, जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी याला लेखी असहमती नोंदवली होती, हेही सांगायला हवं. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका पडून आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजात तशी अस्पृश्यता नव्हती आणि मिश्र आयोगाचा अहवाल सदोष आहे. त्याच्या महिनाभर आधीच, ६ ऑक्टोबर २०२२ ला, माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला होता. मुदत दोन वर्षं. ती वाढवावी लागली.

सुसाईंच्या टपरीपासून मोजलं तर चाळीस वर्षं झाली.

विरोध करणारे काय म्हणतात

आपल्या बाजूचंच ऐकायचं असेल तर फॅमिली ग्रुप आहेच. इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडू.

एक: "तुमच्या धर्मात जातच नाही म्हणता, मग जातीचे फायदे कसे मागता?" मुद्दा जड आहे. शाळेत एका मित्राने विचारला होता तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज एवढं म्हणेन की बौद्ध आणि शीख धर्मांच्या शिकवणीतही जातीला जागा नाही, तरी कायद्याने त्यांना आत घेतलं, आणि बरोबर केलं. शिकवण काय म्हणते आणि गाव कसं वागतं, या दोन गोष्टी आहेत.

दोन: "आमच्या ताटातला वाटा जाईल." हे हिंदू आणि बौद्ध दलित मित्र म्हणतात, आणि ही भीती खोटी नाही. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आहे. त्यातच मातंग समाजाची अ-ब-क-ड वर्गीकरणाची मागणी जुनी आहे. दलित ख्रिस्तींमध्ये मिशनच्या शाळांमुळे शिक्षण पुढे गेलेली काही घरं आहेत. ती पुढे येऊन जागा घेतील, अशी शंका आहे. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येईल असं ठरवलं. त्यामुळे वेगळा छोटा हिस्सा ठेवण्याचा रस्ता निदान विचारात घेता येतो. पण आधी मान्य करू: ज्याच्याकडे आधीच कमी आहे, त्याला "सरक जरा" म्हणताना मान खाली घालून म्हणावं लागतं. हक्काच्या आवाजात नाही.

तीन: "याने धर्मांतराला बळ मिळेल." मला हे उलटं वाटतं. आजची अट माणसाला एका धर्मात थांबण्याचा मोबदला देते आणि दुसऱ्यात जाण्याचा दंड लावते. सरकारने दोन्ही करू नये.

दोन खरं, आणि त्यातलं एकच सांगायची परवानगी

आता दुसरी गोष्ट, ही जास्त अवघड. माझ्या नात्यात एक बहीण आहे. तिच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण कागद बदलले नाहीत. कागदावर हिंदू-मांग. ती एससी प्रवर्गातून शिकली, नर्स झाली. हॉस्पिटलमध्ये नाइट ड्युटी करते आणि सुट्टी मिळाली की उपासनेला येते. मागे मंडळीचं रजिस्टर नव्याने लिहायचं ठरलं, तेव्हा तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, माझं नाव त्यात टाकू नका ना."

तिला मी लबाड म्हणू का? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सांगितलं की नियमित चर्चला जायचं आणि फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगायचं, ही संविधानाची फसवणूक आहे. कायद्याच्या नजरेतून बघितलं तर निकाल कळतो. खोटं बोलणं बरोबर आहे असं मीही म्हणणार नाही. आपल्या श्रद्धेत तर नाहीच नाही.

पण तिच्या बाजूने बघा. तिच्याबद्दल दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक, तिचा येशूवर विश्वास आहे. दोन, तिच्या गावात तिच्या घराला आजही ज्या नावाने ओळखतात, ते जातीचं नाव आहे. दोन्ही खरं. कायदा तिला म्हणतो, यातलं एकच सांग. विश्वासाबद्दल खरं सांगितलंस तर जातीबद्दलचं खरं आम्ही ऐकणार नाही.

आणि आपण रविवारी पुलपिटवरून तिला "निर्भयपणे साक्ष दे" सांगतो. ज्याचा पगार तिच्या नोकरीवर चालत नाही, त्याला हे सांगणं फार सोपं आहे. मी रजिस्टरचं काय केलं ते सांगत नाही. रात्री झोप लागली नाही, एवढं सांगतो.

आता आपल्या घरात येऊ

सरकारला बोलून झालं, आता आपल्याला.

आपण म्हणतो, मंडळीत जात नाही. बरं. मग लग्न जमवताना "मूळचे कुठले?" हा प्रश्न कशासाठी असतो? "कोणत्या मिशनचे? आडनाव आधी काय होतं?" हे कशासाठी? सगळ्यांना माहीत आहे कशासाठी.

अजून एक. रेव्हरंड टिळक मूळचे ब्राह्मण, पंडिता रमाबाई चित्पावन, हे आपण ख्रिस्ती लोक किती अभिमानाने सांगतो! या दोघांबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांची मूळ जात आपण मोठ्याने सांगतो आणि स्वतःच्या पणजोबांची जात कुजबुजत सांगतो. जात खरंच गेली असती तर दोन्ही आवाज सारखे असते.

याबाबतीत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सोवळं-ओवळं, शिवाशिव आपल्या अंगातून कशी हळूहळू, धडपडत सुटली, ते त्या बिनधास्त सांगतात. एका दिवसात सगळं धुऊन निघालं असा आव त्यांनी आणला नाही.

मोठ्या पातळीवर बघायचं तर तिरुचिरापल्लीतल्या एका कॅथोलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत आहे. मेल्यानंतरसुद्धा भिंत! डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी कबूल केलं. त्यांच्याच आकड्यांनुसार भारतातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथोलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत. आणि दलित समाजातले पहिले कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, केव्हा झाले? २०२२ मध्ये.

म्हणून मी म्हणालो, केस जिंकायला चर्चने स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागेल. विचित्र वाटतं, पण ख्रिस्ती माणसाला ते विचित्र वाटायला नको. पाप कबूल करणं ही आपल्याकडे सुरुवात असते. आपण व्यक्तीचं पाप कबूल करायला शिकलो, मंडळीचं करायला शिकलो नाही. "आमच्यात जात नाही" हे वाक्य आतापर्यंत ज्यांना त्रास झाला त्यांच्या उपयोगी पडलेलं नाही. ते सरकारच्या प्रतिज्ञापत्राच्या उपयोगी पडलंय.

प्रेषितांनी काय केलं?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, पहिली सात वचनं. आज रात्री उघडून वाचा. मी माझ्या शब्दांत सांगतो.

यरुशलेमची पहिली मंडळी. सगळं सामाईक, सगळे भाऊ-बहीण. तरीही तक्रार आली. ग्रीक बोलणारे म्हणाले, रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावललं जातंय. तक्रार गटाचं नाव घेऊन झाली होती, हे लक्षात घ्या.

प्रेषित काय म्हणू शकले असते? "ख्रिस्तात ग्रीक-इब्री काही नसतं, फूट पाडू नका." आजच्या कितीतरी मंडळ्यांत हेच उत्तर मिळालं असतं. त्यांनी ते दिलं नाही. सगळ्यांना बोलावलं, वाटपासाठी सात जण निवडायला सांगितले. आणि त्या सात जणांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प वगैरे, सगळी ग्रीक नावं! शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात बाहेरून आलेला. ज्यांच्या ताटात कमी पडत होतं, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हातात वाढपाचा पळा दिला.

याला आरक्षण म्हणा किंवा म्हणू नका. शब्दासाठी भांडणार नाही. पण एकता आणायला प्रेषितांनी फरकाकडे डोळेझाक केली नाही. आधी फरक मान्य केला, मग व्यवस्था बदलली. त्यानंतर मंडळी वाढली, असं तिथेच लिहिलंय.

मग आपण करायचं काय?

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे १ टक्क्याहूनही कमी. आपल्या मतांनी कोणतं सरकार हलेल असं मला वाटत नाही. पण चार गोष्टी हातात आहेत.

पहिली, घरातले कागद काढून बघा. दाखल्यावर काय लिहिलंय, का लिहिलंय, हे आजी-आजोबा आहेत तोवर विचारून घ्या. लाज वाटून घेऊ नका. त्यांनी ती वाटून घेतली, कारण गावाने त्यांना भाग पाडलं.

दुसरी, १० ऑगस्टला अनेक मंडळ्या काळा दिवस पाळतात, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दलित मुक्ती रविवार असतो. तुमच्या मंडळीत पाळत नसतील तर पाळकांना विचारा, नम्रपणे विचारा. आणि त्या दिवशी भाषण सरकारवर संपू देऊ नका, आपल्या लग्नाच्या याद्यांपर्यंत आणा.

तिसरी, हा विषय बौद्ध आणि मातंग मित्रांशी बोला. मोर्चा काढायच्या आधी चहा प्या. माझ्या एका बौद्ध मित्राने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमची ३४ वर्षं गेली, तेव्हा तुमचं चर्च आमच्या बाजूने बोललं होतं का?" मला माहीत नव्हतं. मी गप्प बसलो. कदाचित तेच बरोबर होतं.

चौथी, रजिस्टरात नाव न देणाऱ्या बहिणीला परकी करू नका. तिला उपदेश देण्याआधी तिच्या जागी एक महिना घालवल्याची कल्पना करा.

आणि आतेभाऊ? केस चालू आहे, साध्या कलमांखाली. तारीख पडते, मजुरी बुडते, तो जातो. मागच्या तारखेला मीही गेलो होतो. कोर्टाबाहेर त्याने मला विचारलं, "दादा, दाखला बदलून घेऊ का परत? कुणीतरी म्हणालं, हिंदू झालो तर होतं." तो विचार त्याला आला यात त्याची चूक नाही. २०१५ च्या एका निकालानुसार मूळ समाजाने परत स्वीकारलं तर तसं होऊही शकतं.

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बायबल घरात ठेवायचं आणि दाखला खिशात, असं जमणार नाही मला."

यावर मी काही बोललो नाही. आम्ही उसाचा रस प्यायलो आणि एसटी पकडली.

भाग आवडला तर पुढे पाठवा. पटला नाही तर मुद्दाम लिहा, विरोधातली पत्रं पुढच्या भागात वाचून दाखवणार आहे. भेटू. सलाम!